सिस्टर ग्रेसची दुरुस्ती

परवा दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या जेवणात माझ्या मागे रांगेत उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, “मयूर विहारला त्या एक टीचर नव्हत्या का, सिरीयलच्या नादानं डोकं फिरलेल्या? नोएडाच्या स्टुडिओत जाऊन धरणं धरून बसल्या होत्या म्हणे.” आणि दोघी हसल्या. मी हातातली प्लेट टेबलावर ठेवली, मागे वळले आणि सांगितलं की त्या बाईंचं नाव सुलोचना रणभिसे, त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं, आणि त्या धरणं धरून का बसल्या हे ऐकायचं असेल तर मी सांगते. त्यांना ऐकायचं नव्हतं. समोरचं श्रीखंड संपत आलं होतं. म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही पुण्याहून दिल्लीत आलो तेव्हा नुकतीच सगळीकडे केबल आली होती. गच्च्यांवर छत्र्या उगवत होत्या, यमुनेपलीकडे रोज नवी सोसायटी उभी राहत होती, आणि मला नोएडातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती. मयूर विहारमधल्या एका चार मजली सोसायटीत आम्ही भाड्यानं राहायला आलो. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये रणभिसे बाई एकट्या राहत. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. लग्न केलं नव्हतं. शाळा सुटून चार वर्षं झाली होती, तरी सोसायटीतले सरदारजीसुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणत. हिंदीत तो शब्द कामवालीसाठी वापरतात याची त्यांना पूर्ण कल्पना होती. “अर्थ त्यांना बदलू दे. मी का बदलू?” असं त्या म्हणायच्या.

पहिल्याच गुरुवारी मी दूध उसनं मागायला खाली गेले. बेल वाजवली. आतून आवाज आला, “आठ वाजता या.” मी म्हटलं, बाई, मी वरची वैशाली, दूध हवं होतं. पुन्हा तोच आवाज, त्याच पट्टीत. “आठ वाजता.” आठ वाजून एक मिनिटानं त्या स्वतः पातेलं घेऊन वर आल्या आणि मला म्हणाल्या, “गुरुवारी साडेसात ते आठ मी पीपलखेड्याला असते. लक्षात ठेव.”

पीपलखेडा हे गाव नकाशात नाही. सरकारी चॅनलवर बरीच वर्षं चाललेल्या एका मालिकेतलं ते गाव. रेल्वे स्टेशन, एक दवाखाना, पोस्ट, एक मोठी कोठी आणि कोठीतल्या माणसांची भांडणं. तेव्हा ती मालिका सगळा देश पाहायचा. ती संपली, केबल आली, आणि एका नव्या चॅनलनं त्याच गावातला एक किरकोळ माणूस उचलून त्याच्यावर वेगळी मालिका काढली. ‘कंपाउंडर बाबू’. मूळ मालिकेत डॉक्टरांच्या मागे बाटल्या लावत उभा असणारा, थोडा लंगडणारा गिरधारी आता नायक झाला होता. बाई गुरुवारी साडेसातला पाहत ते हेच.

अशा मालिकांना त्या पारंबी म्हणायच्या. वडाच्या फांदीतून एक मूळ खाली येतं, जमिनीत शिरतं आणि तिथं नवं खोड होतं. “पण पारंबीला जमीन लागावी लागते,” असं त्या पुढे जोडायच्या. “नुसती हवेत लोंबकळली तर मुलं तिला लटकून झोके घेतात, बस.”

मी एकदा त्यांच्याबरोबर बसून एक भाग पाहिला. गिरधारी दवाखाना बंद करून घरी जातो. आम्हाला पहिल्यांदाच त्याचं घर दिसतं. एक खोली, बहिरा भाऊ, चुलीवर डाळ. मग तो खिडकी उघडतो आणि खिडकीतून दवाखान्याबाहेरचा बाक दिसतो. बाईंनी माझा दंड घट्ट धरला. “अगं, तोच बाक. सहा वर्षं आपण तो पुढून पाहिला. आता मागून.” त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. शाळकरी मुलीला आवडत्या बाईंच्या घरी जायला मिळावं तसा आनंद होता त्यावर. मला तोवर वाटत होतं की या मालिका म्हणजे मूळ मालिकेची शिळी भाजी फोडणीला टाकणं. तो बाक पाहिल्यावर माझं मत बदललं असं नाही, पण मी दर गुरुवारी खाली जायला लागले.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिच्यात पीपलखेड्याचा नकाशा. स्टेशनपासून दवाखाना किती, पोस्टाच्या मागे विहीर कुठे, कोणाच्या घराला कोणाची भिंत लागून. प्रत्येक भागातून एकेक कोपरा गोळा करून भूगोलाच्या बाईंनी तो काढला होता, खाली प्रमाण घालून. मागच्या पानांवर माणसं. कोण कोणाची आत्या, कोणाचा कोणता पाय अधू, कोणाला साखर चालत नाही. टीव्हीसमोर बसताना ती वही मांडीवर आणि हातात लाल पेन्सिल. मालिकेनं चूक केली की पेन्सिल चालायची आणि बाईंच्या कपाळावर शीर उभी राहायची.

चुकांवर चिडणं हा त्यांचा स्वभावच होता. पण त्या कोणाच्या बाजूनं चिडायच्या ते पाहायला हवं. आमच्या सोसायटीत दामले म्हणून एक निवृत्त सरकारी अधिकारी होते. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, वाचन दांडगं. एकदा सोसायटीच्या सभेनंतर चहा पिताना ते बाईंना म्हणाले, “तुमच्यासारख्या शिक्षिकेनं हा चोथा चघळावा याचं वाईट वाटतं. गोष्ट एकदा संपली की संपली. कंपाउंडरची कसली आलीय गोष्ट?”

बाईंनी कप खाली ठेवला. “दामले, तुमच्या केबिनबाहेर स्टुलावर एक शिपाई बसत असेल.”

“होता ना.”

“किती वर्षं?”

“असेल दहा-बारा वर्षं.”

“नाव काय त्याचं?”

दामले आठवत राहिले. रामसिंग की श्यामसिंग, असं काहीतरी म्हणाले.

“त्याच्यावर मालिका निघाली तर मी पाहीन,” बाई म्हणाल्या. “तुमच्यावर निघाली तर सवड होईलच असं नाही.”

त्यानंतर दामले त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

दर वर्षी जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायची. एका वर्षी मी बाईंबरोबर गेले. स्मारकापाशी भाषण झालं. सेनापती, सरदार, तोफा, फंद, फितुरी. बाई मागे उन्हात उभ्या राहून ऐकत होत्या आणि मला दिसत होतं की कपाळावरची शीर वर आली आहे. भाषण संपल्यावर त्यांनी वक्त्याला गाठलं. “इतकी माणसं फौजेबरोबर होती असं तुम्ही म्हणालात. त्यात स्वयंपाकी असतील, बायका असतील, घोड्यांना खरारा करणारे असतील. त्यातले जे मेले नाहीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे गेले? काय खाल्लं त्यांनी?” वक्ते म्हणाले, बाई, वेळ थोडा होता. “वेळ होता,” बाई म्हणाल्या, “तुम्ही तो सरदारांच्या पगड्यांवर घालवलात.” परतीच्या बसमध्ये त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. वाटेत मुरथलला पराठे खायला उतरलो तेव्हा एकदम म्हणाल्या, “ज्यांची मुख्य गोष्ट असते त्यांचं कोणीतरी बघतंच गं, वैशाली. मला बाकीच्यांची काळजी लागून राहते.”

आता मूळ विषयाकडे येते.

‘कंपाउंडर बाबू’च्या एका भागात गिरधारी उजव्या पायानं लंगडला. वहीप्रमाणे अधू पाय डावा. बाईंनी त्या मालिकेच्या कंपनीला शुद्ध हिंदीत पत्र लिहिलं, भाग आणि प्रसंग नमूद करून. उत्तर आलं नाही. दुसऱ्या चुकीला दुसरं पत्र. अशी नऊ पत्रं गेली. दहाव्याला उत्तराऐवजी फोन आला. कंपनीचं ऑफिस नोएडातच होतं आणि तिथल्या मुख्य लेखकाला, रजत नावाच्या तिशीतल्या तरुणाला, या पत्रं लिहिणाऱ्या आंटीजींना भेटायचं होतं.

मीच त्यांना माझ्या मारुतीतून घेऊन गेले, कारण उत्तर प्रदेशची हद्द लागते म्हणून दिल्लीचे ऑटोवाले यायला कुरकुर करायचे. बाईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती, वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली होती. रजतनं वही उघडली, नकाशा पाहिला आणि चार जणांना हाक मारली. “यार, इधर आओ. ये देखो. हमारे पास भी नहीं है ये.” सगळे वाकून पाहू लागले. बाईंना खुर्ची, चहा, सामोसा. रजतनं सांगितलं की आता पुढची मालिका येते आहे, दवाखान्यातल्या नर्सवर. ‘सिस्टर ग्रेस’. मूळ मालिकेत ग्रेस यायची, इंजेक्शन द्यायची, “थोड़ा सा दर्द होगा” म्हणायची आणि जायची. तिच्याविषयी कोणालाच काही माहीत नव्हतं. लेखकांनाही नाही. “आंटीजी, आप क्रिश्चियन हैं ना? आप कुछ बताइए. घर कैसा होता है, क्या खाते हैं, कैसे बोलते हैं.”

बाईंची आई नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या एका इस्पितळात नर्स होती.

त्या दिवसापासून तीनेक महिने बाई आठवड्यातून दोनदा नोएडाला जात होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पैसे घेतले नाहीत, मागितलेही नाहीत. वहीत एक नवा भाग सुरू झाला होता, आईचा. पांढऱ्या साडीची निळी किनार, सायकल, स्पिरिटचा वास, नाताळात पूर्ण वॉर्डाला करंज्या. आणि शेवटी, फार विचार करून, त्यांनी तो प्रसंग लिहिला. आधी मला वाचून दाखवला. “देऊ का गं?” असं विचारलं. मी म्हटलं, द्या ना, किती सुंदर आहे. दुसऱ्या दिवशी त्या वही रजतकडे ठेवून आल्या. ते माझं म्हणणं मला आजही टोचतं.

प्रसंग असा. एका गावच्या पाटलांची सून अडली होती. मूल आडवं. बाईंच्या आईला बोलावणं आलं आणि ती सायकलवरून गेली. मागच्या दारानं आत घेतलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती तिथं होती, उन्हाळ्याचे दिवस होते, पण त्या घरात तिला कोणी पाणी दिलं नाही, कारण दिलं असतं तर भांडं बाटलं असतं. मूल आणि सून दोघं वाचली. मग सासूनं, ही अजून उंबऱ्यात उभी असताना, ती बसली होती ती जागा शेणानं सारवून घेतली. आईनं सारवून होईपर्यंत वाट पाहिली, “आता बाळाला अंगावर घ्या,” एवढं सांगितलं आणि सायकल काढली. पंधरा दिवसांनी तीच सासू तापानं फणफणलेली इस्पितळात आली. आईनं तिला खाटेवर निजवलं आणि स्वतःच्या पेल्यानं पाणी पाजलं. बाईंनी लहानपणी आईला विचारलं होतं, तुला राग नाही आला? आई म्हणाली होती, “मला तहान नव्हती गं.” बाई म्हणायच्या, “खोटं बोलली. आयुष्यात तेवढं एकदाच.”

तो भाग ज्या गुरुवारी दाखवणार होते त्या दिवशी बाईंनी सोसायटीतल्या बायकांना घरी बोलावलं. पंधरा-सोळा जणी आल्या. सतरंज्या घातल्या, केक केला, चिवडा केला. बाईंनी उभं राहून सांगितलं की आज जे दिसेल ते माझ्या आईच्या बाबतीत घडलेलं आहे. मग बसल्या.

सगळं होतं. सायकल होती, मागचं दार होतं, शेणानं सारवणंही होतं. सारवणाऱ्या हातांवर कॅमेरा इतका वेळ थांबला की मिसेस भाटियांनी पदर डोळ्याला लावला. मग कॅमेरा ग्रेसच्या चेहऱ्यावर गेला. ग्रेस हळूच हसली. वीज कडाडली. आणि दाखवलं ते हे, की अपमानाचा सूड म्हणून ग्रेसनं बाळ बदललं होतं. पाटलांचा वारस तिच्या पिशवीत होता.

श्रेयनामावली सुरू झाली आणि तिच्यात शेवटी ‘विशेष आभार’ म्हणून बाईंचं नाव आलं, आडनाव चुकवून. मिसेस भाटिया मनानं अतिशय चांगली बाई. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, “बाईजी, तो आपकी माताजी ने सच में बच्चा बदला था?”

बाईंनी टीव्ही बंद केला. मिसेस भाटियांना म्हणाल्या, “नहीं. उन्होंने पानी पिलाया था.” मग सगळ्यांना केक वाढला.

बायका गेल्यावर मी प्लेटी उचलता उचलता म्हणाले, “जाऊ द्या बाई. शेवटी सिरीयलच आहे ती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ज्या पोरीकडून काही अपेक्षा होती तिनं कोरा पेपर द्यावा, तसं ते पाहणं होतं. “म्हणूनच तर,” त्या म्हणाल्या. “खऱ्या माणसाची बदनामी झाली तर कोर्ट आहे. गोष्टीतल्या माणसानं कुठे जायचं? आणि वैशाली, सोळा जणींनी आज माझ्या आईला पाहिलं. उद्या त्यातल्या किती जणींच्या घरी ख्रिस्ती नर्स आली तर त्या पिशवीकडे बघतील, मोज.”

दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांना त्या कंपनीत नेलं आणि त्यांच्याबरोबर आत गेले. रजत भेटला. बाईंचा चेहरा पाहून त्याला आश्चर्य वाटलं असं दिसलं. मालिकेला त्या भागामुळे फार प्रेक्षक मिळाले होते, तो आनंदात होता. “आंटीजी, आपका सीन तो हिट हो गया.”

बाई म्हणाल्या, “वह सीन मेरा नहीं है.”

“कहानी को एक मोड़ चाहिए था, आंटीजी. पानी पिलाने पर एपिसोड ख़त्म नहीं होता. चैनल वाले नहीं मानते. और ग्रेस तो काल्पनिक है ना.”

“ग्रेस काल्पनिक है, बेटा. प्यास काल्पनिक नहीं थी.”

रजतनं घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी तीन गोष्टी मागितल्या. माझं नाव काढा. माझी वही परत द्या. आणि पुढच्या एका भागात दाखवा की बाळ बदललेलं नव्हतं. नाव काढू, असं तो म्हणाला. वही शोधावी लागेल. तिसऱ्या मागणीवर शेजारी बसलेला कोणीतरी फस्सकन हसला. बाईंनी त्या माणसाकडे पाहिलं, त्याचं हसू थांबेपर्यंत पाहिलं, आणि उठल्या.

मग ते धरणं. लोक ज्याला वेडेपणा म्हणतात ते. चार दिवस सकाळी मी त्यांना त्या ऑफिसच्या दारात सोडायची आणि संध्याकाळी घ्यायची. त्या स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसायच्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. डबा, पाण्याची बाटली आणि एक पुस्तक. कोणी विचारलं तर सांगायच्या, “मेरी कॉपी यहाँ है. लेने आई हूँ.” दुसऱ्या दिवशी सुरक्षारक्षकाला त्यांना उठवायला सांगितलं. तो बिहारचा होता. बाईंनी त्याला त्याच्या जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या, त्यानं सांगितल्या, एक चुकली ती त्यांनी दुरुस्त केली. नंतर तोच त्यांना चहा आणून देऊ लागला. रजत मागच्या दारानं ये-जा करायला लागला. हे मला त्या रक्षकानंच सांगितलं, आणि मागचं दार हा शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शबनम नावाची एक साहाय्यक लेखिका, वीस-बावीस वर्षांची मुलगी, वही घेऊन बाहेर आली. बाईंच्या पायाशी बसली. “टीचरजी, मुझे माफ़ कर दीजिए. मैंने मीटिंग में बोला था. मेरी बात किसी ने नहीं सुनी.” बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “अगली बार ज़ोर से बोलना.”

गाडीत बसल्यावर त्यांनी वही उघडली. नकाशावर चहाच्या कपाचे गोल डाग होते. आईच्या भागात पिवळ्या शाईनं ओळी रंगवल्या होत्या. सायकल, बरोबरची खूण. सारवणं, दोन खुणा. आणि स्वतःच्या पेल्यानं पाणी पाजलं त्या परिच्छेदावर आडवी फुली, आणि समासात इंग्रजीत एक शब्द. बोरिंग.

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं दिसेना. इतक्या वर्षांत माझ्यावर नोकरीत अन्याय झाले, घरमालकांनी छळलं, त्या सगळ्याचा राग विरला. त्या एका शब्दाचा विरला नाही. ज्यांना एक तहानलेली बाई दुसरीला पाणी देते यात काही दिसत नाही, ती माणसं देशाच्या घराघरांत शिरून संध्याकाळ संध्याकाळ गोष्टी सांगत होती, आणि आपण त्यांना आत घेत होतो, पुढच्या दारानं. बाई मात्र शांत होत्या. “चल,” म्हणाल्या. “तुझा नवरा वाट बघत असेल.”

महिनाभर त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज आला नाही. गुरुवारीसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. मग हिवाळ्यात एका रविवारी दुपारी सोसायटीच्या बागेत ऊन खात बसलेल्या बायकांमध्ये बाई एक नवी वही घेऊन गेल्या. वहीवर नाव होतं, ‘सिस्टर ग्रेस : दुरुस्ती’. म्हणाल्या, टीव्हीवर जे दाखवलं त्यात चूक आहे, बरोबर काय ते मी सांगते. वहीतलं मराठी होतं. त्या मनात वाचायच्या आणि तोंडानं हिंदी बोलायच्या, कुठेही न अडखळता.

पहिल्या रविवारी सहा जणी होत्या. मिसेस भाटिया सगळ्यांत पुढे, त्या प्रश्नाची लाज वाटून स्वेटरची सुई न हलवता बसलेल्या. पुढच्या रविवारी दहा. टीव्हीवरची ‘सिस्टर ग्रेस’ पुढे काही महिन्यांनी बंद पडली, बाळ तीन वेळा बदलून झाल्यावर. बाईंची चालूच राहिली. त्यांच्या ग्रेसनं पीपलखेड्यात लस टोचली, पोस्टमास्तरणीशी भांडण केलं, गिरधारीच्या बहिऱ्या भावाला खुणांची भाषा शिकवली. आणि हो, गिरधारी डाव्याच पायानं लंगडत होता. बायका आपसांत त्यांच्याविषयी खऱ्या शेजाऱ्यांसारख्या बोलू लागल्या. कोणी म्हणायचं, ग्रेसचं लग्न करा. बाई म्हणायच्या, तिला विचारून सांगते.

एका हिवाळ्यात त्यांनी पाटलांच्या घरातल्या त्या सासूची गोष्ट सुरू केली. जिनं सारवलं होतं तिची. सहा रविवार ती चालली. सासू लहानपणी कशी होती, कितव्या वर्षी त्या घरात आली, तिला कोणी किती वेळा उंबऱ्यात उभं केलं. मला ते आवडलं नाही. मी जिन्यात त्यांना म्हटलं, “तिची कशाला? तिनं तुमच्या आईला तसं वागवलं.”

“वागवलं,” बाई म्हणाल्या. “त्याची माफी मी दिलेली नाही. पण तिलाही घर होतं ना. आत गेल्याशिवाय कसं कळणार?”

सासूची गोष्ट संपली त्या दिवशी मिसेस भाटिया म्हणाल्या, “मेरी सास ऐसी ही थी,” आणि मग स्वतःच्या सासूविषयी अर्धा तास बोलल्या. सासरी वीस वर्षं राहून त्यांनी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही पुढे गुडगावला राहायला गेलो. उंच इमारत, लिफ्ट, क्लब हाऊस, खाली पहारेकरी. फोन व्हायचे, मग कमी झाले. एका रविवारी जुन्या घराच्या काही कागदांसाठी मला मयूर विहारला जावं लागलं. काम झालं आणि बागेच्या कुंपणाबाहेरून पाहिलं तर बाई बाकावर बसलेल्या. फार वाळल्या होत्या, चष्म्याची काच जाड झाली होती. भोवती पंचवीसेक बायका, दोन-तीन पुरुषही, आणि मागच्या खुर्चीत छडीवर हनुवटी टेकून दामले. बाई वाचत होत्या. ग्रेस म्हातारी झाली होती आणि एका नव्या, घाबरट नर्सला बाळंतिणीच्या खोलीत एकटी पाठवत होती. ती मुलगी दारात थांबली होती.

बाईंनी मान वर केली. मला ओळखलं. वाचणं न थांबवता डाव्या हाताचं बोट वर केलं, म्हणजे एवढं पान होऊ दे, थांब.

बाहेर ड्रायव्हर थांबला होता, संध्याकाळी गुडगावला पाहुणे यायचे होते, पुलावर गर्दी सुरू झाली असती. मी हात हलवला, पुढच्या वेळी येते अशी खूण केली आणि निघाले. तीन महिन्यांनी बाई गेल्या. ती मुलगी आत गेली की नाही, हे मी त्यानंतर मिसेस भाटियांना विचारलं. त्या म्हणाल्या, “तू रुकी क्यों नहीं?”